खुंटीवरचा कोट

बाईंनी चिमट्याने ओव्हनमधला काचेचा फ्लास्क उचलला, मनगटाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवला आणि चटका बसल्यावर मान हलवली. काच कोरडी झाली की नाही, याची त्यांची हीच परीक्षा. बारा वर्षांत त्या मनगटावर इतके डाग पडले होते, की विद्यार्थी म्हणायचे, बाईंची नाडी बघायला येणारा डॉक्टर आधी भूगोल शिकून येतो.

“रात्रभर एकशे तीस डिग्री. आत थेंब उरला असेल तर दाखवा,” त्या रिकाम्या लॅबला म्हणाल्या.

यावर मामांचं उत्तर ठरलेलं असायचं. “थेंब? अहो बाई, काल आत एक डास शिरला, तो तहानेनं मेला.”

मामा म्हणजे लॅबमधली काच धुणारे, वाळवणारे आणि थापा मारणारे गृहस्थ. तिन्ही कामं त्यांनी बारा वर्षं मन लावून केली. दोन महिन्यांपूर्वी साधा खोकला झाला, तो छातीत उतरला आणि आठ दिवसांत मामा गेले. त्यांचा करडा कोट अजून दाराजवळच्या खुंटीवर होता. कोट खुंटीवर म्हणजे मामा लॅबमध्ये, याची बाईंच्या डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की तो उतरवायला हातच होत नव्हता.

आणि मामा गेल्यापासून बाईंचं कामही थंड पडलं होतं.

त्यांनी झिरकोनियम धातूचा एक उत्प्रेरक बनवला होता. दोन कड्या आणि त्यांच्या मधोमध धातूचा एकच अणू. मामा आल्यागेल्याला समजावून सांगायचे, “दोन गाद्यांच्या मध्ये निजलेलं बाळ आहे हे. हवा लागली की मेलं, पाणी लागलं की मेलं. पण ॲल्युमिनियमचं औषध पाजून जागं केलं, की हेच बाळ गॅस खातं आणि दिवसाला हत्तीएवढं प्लास्टिक ओकतं.” हत्ती सोडला तर सगळं खरं होतं.

आता ते बाळ जागंच होईना. तोच धातू, तेच औषध, तोच गॅस. काचही आता बाई स्वतः धुऊन रात्रभर ओव्हनमध्ये ठेवत होत्या. सात प्रयोग झाले, सातही वेळा फ्लास्कमध्ये नितळ द्रव. आज आठवा. दुपारपर्यंत बाई काचेला डोळे लावून बसल्या. पांढऱ्या भुकटीचा कणसुद्धा नाही.

विभागप्रमुख साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. “बाई, तुमचा प्रयोग बाहेरच्या कुठल्याच लॅबला जमला नाही, आता तुम्हालाही जमत नाही. मग शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. लोक काय म्हणतील, मी सांगायला नको.” लोक म्हणणार होते, बारा वर्षं बाईंनी खोटं छापलं.

दारात पावलं वाजली. भिंतीला हात लावत एक वयस्कर स्त्री आत आली. मामांची बायको. लॅबमध्ये सगळे त्यांना मामी म्हणायचे, पण आजवर पाहिलं कुणीच नव्हतं. त्या मामांचं सामान न्यायला आल्या होत्या. बाईंनी पिशवी पुढे केली. चष्मा, डबा, चपला.

मामी स्टुलावर टेकल्या. “एक विचारू का? काम नीट करायचे ना ते? घरी तर सांगायचे, माझ्यावाचून बाईंचं पान हलत नाही.”

“खरंच हलत नाहीये,” बाई म्हणाल्या.

मामी हसल्या. “मला वाटायचं, ही पण थापच. चारलाच निघून घरी येणारा माणूस, काम करणार कधी?”

“चारला?”

“मग? दिवस कलला की मला काही दिसत नाही. एकदा पेटत्या शेगडीवर हात पडला माझा. तेव्हापासून त्यांनी एक संध्याकाळ चुकवली नाही. मग सकाळी पळापळ. म्हणायचे, साडेसातला काच धुवायची, ओव्हनमध्ये टाकायची, नऊला बाईंच्या मनगटाला चटका बसला म्हणजे जिंकलो.”

बाईंचा एक हात आपसूक दुसऱ्या मनगटावर गेला. ओव्हनची वही समोरच पडली होती. मामा होते तोवरच्या प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द, रात्रभर, आणि त्याखाली मामांची सही.

दीड तासात काच तापते, वाळत नाही. डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर तिला चिकटून राहतो. तो ॲल्युमिनियमच्या औषधाला भिडतो, आणि त्या झटापटीतून जे निघतं तेच धातूला जागं करतं. पाणी जास्त झालं तर बाळ मरतं. अजिबात नसलं तर झोपूनच राहतं. हे बाई दरवर्षी फळ्यावर शिकवायच्या. पण आपल्या लॅबमध्ये पाणी असेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

मामी उठून खुंटीपाशी गेल्या होत्या. कोट काढून त्याची बाही चाचपत होत्या.

“हा मीच घेतला होता त्यांना. घरी कधी आलाच नाही. थंडीत नुसत्या शर्टावर यायचे, दातावर दात वाजायचे. विचारलं की म्हणायचे, लॅबमधला कपडा बाहेर न्यायचा नाही, बाईंचा नियम आहे. खोकला झाला तेव्हाही तेच.” त्यांनी कोट नाकाशी नेला. “वासही औषधांचाच येतोय.”

असा कुठलाच नियम नव्हता. दुपारनंतर बाई आतल्या खोलीत बसायच्या. मधल्या काचेतून हा कोट दिसला, की मामा आहेत म्हणून निर्धास्त व्हायच्या.

“खरंच होता का हो असा नियम?”

“होता. माझाच,” बाई म्हणाल्या.

“फार कडक हो,” मामी हळूच म्हणाल्या. त्यांनी कोट पुन्हा खुंटीला अडकवला, दोन्ही बाह्या सारख्या केल्या. “मग राहू दे इथेच. त्यांनी मोडला नाही, मी कशाला मोडू.”

दुसऱ्या दिवशी बाई सातलाच आल्या. फ्लास्क स्वतः धुतला. साडेसातला ओव्हनमध्ये, नऊला बाहेर. मनगटाला टेकवला. चटका बसला, नेहमीइतकाच.

दुपारी द्रव गढूळला, मग दाटला, आणि बघता बघता इतकी पांढरी भुकटी साचली की ढवळणी आतच अडकून बसली. मामांनी सांगितली असती तर ती छतापर्यंत गेली असती. बाईंनी हसून बघितलं, जमलं नाही.

त्यांनी वही ओढली. ‘वेळ’ या रकान्यात लिहिलं, दीड तास. शेजारी, ‘पद्धत’ या रकान्यात, मामांची. निबंध आता मागे घ्यायचा नव्हता, दुरुस्त करायचा होता, आणि त्यावर आणखी एक नाव घालायचं होतं.

साहेबांना फोन लावायला त्यांनी हात पुढे केला, घड्याळ बघितलं आणि तो तसाच मागे घेतला. चार वाजत आले होते. बाईंनी खुंटीवरचा कोट उतरवला, झटकला, नीट घडी करून हातावर घेतला. उजेड आहे तोवर मामींकडे पोहोचायला हवं होतं.