बुधवार-शनिवारचं पाणी

पालिकेच्या तरणतलावाखाली तळघर होतं, आणि त्या तळघरात एक माणूस एकोणीस वर्षं पंप आणि बॉयलर सांभाळत होता. त्याला सगळे पंपमास्तर म्हणत. वरून खाली मात्र सहसा कुणी उतरत नसे. पाणी स्वच्छ असलं आणि हाताला कोमट लागलं, की खाली कुणी माणूस आहे हे आठवायचं कुणाला काही कारणच नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात. घरी बोलायला भिंती आणि कामावर पंप. त्यातल्या त्यात पंप बरे, निदान आवाज तरी करायचे.

त्या वर्षी पालिकेनं आपल्या सगळ्या इमारतींचा वीज आणि गॅसचा वापर कमी करायचं मनावर घेतलं. शाळा झाल्या, दवाखाने झाले, वाचनालय झालं, आणि तरणतलावाची पाळी आली. तपासणीसाठी एक बाई आली. तिशीतली, सडपातळ, खांद्यावर मीटरांनी भरलेली जड पिशवी.

“काका, नऊ दिवस तुमच्या डोक्यावर बसणार आहे मी,” ती म्हणाली.

“बसा की. पण सांभाळून, बॉयलरशेजारी राहून डोकं आधीच तापलंय.”

ती खळखळून हसली. तळघरात माणसाच्या हसण्याचा आवाज इतका मोठा घुमतो, हे पंपमास्तरला नव्यानंच कळलं.

बाईनं प्रत्येक पंपाला मीटर जोडलं, पाइपांवर हात फिरवला, आणि विचारायला सुरुवात केली. कुठला पंप जास्त वीज खातो? हवा खेचणारा पंखा रात्रभर का चालतो? पंपमास्तर सांगत सुटला. पंखा बंद करायचं बटण वर व्यवस्थापकांच्या खोलीत आहे आणि ते पाच वाजता घरी जातात. गरम पाइपांवरचं वेष्टण चार ठिकाणी फाटलंय. आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे उघडं पाणी. रात्रभर वाफ होऊन सगळी ऊब छताला जाते. पाण्यावर नुसतं आच्छादन अंथरलं तरी बॉयलर अर्धा वेळ गप्प बसेल.

“हे सगळं तुम्हाला माहीत होतं? मग वर सांगितलं का नाही कुणाला?”

“विचारलं कुणी?”

तिसऱ्या दिवशी त्यानं घरून दुसरा कप आणला. चौथ्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला आणि आल्या आल्या त्याची त्यालाच लाज वाटली.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, बाईनं लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. बॉयलरच्या वर्षभराच्या नोंदी तिनं वरच्या कार्यालयातून मिळवल्या होत्या.

“काका, हे उंचवटे कसले? दर बुधवारी आणि शनिवारी, दुपारी एक ते तीन. छोटा तलाव एकतीस अंशांवरून तेहतीसवर जातो. नंतर आपोआप खाली येतो.”

पंपमास्तरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“थर्मामीटर बिघडलाय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईनं स्वतःचा थर्मामीटर छोट्या तलावात सोडला आणि खाली येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर लिहीत बसली. घड्याळात एक वाजला. पंपमास्तर उठला, बॉयलरकडे गेला आणि छोट्या तलावाच्या झडपेवर हात ठेवला. चाक अर्धं फिरल्यावर त्याला आठवलं, की आपण एकटे नाही. हात तिथंच राहिला.

“थर्मामीटर ठीक आहे, काका,” बाई हळूच म्हणाली.

त्यानं चाक उलटं फिरवलं आणि येऊन बसला.

“हिचे गुडघे गेले होते,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात चालायला लावा. बुधवारी आणि शनिवारी तीन वाजता बायकांची वेळ असते. एकतीसचं पाणी तिला गार लागेल असं मला वाटायचं. मग मी दोन अंश चढवायचो. कुणाला विचारलं नाही. त्या भिंतीत ती गोल काच आहे ना, पाण्याखालची? तिथून पाय दिसतात. दहा बायकांच्या पायांत मी तिचे ओळखायचो. डावा जरा ओढत चालायची.”

“आणि त्या गेल्यावर?”

“गेल्यावर काय? पुढच्या बुधवारी एक वाजला आणि हात गेला. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेला. थांबवायचं कधी, हेच कळलं नाही. थांबवलं असतं तर काय उरलं असतं बुधवारात?”

बाईनं पेन खाली ठेवलं. वर कुणीतरी पाण्यात उडी मारली, त्याचा दबका धप्प आवाज आला.

“मला हे लिहावं लागेल, काका. तुमच्या छोट्या तलावाचा आठवा हिस्सा गॅस त्यात जातोय.”

“लिहा ना. खरं ते लिहा. पण माझ्या हातानं बंद करू द्या. आपोआप बंद करणारं यंत्र बसवून नको.”

अहवालात तिनं याबद्दल एकच ओळ लिहिली: छोटा तलाव आठवड्यातून दोनदा जादा तापवण्याची जुनी पद्धत कर्मचाऱ्यानं स्वतःहून बंद केली. नवव्या दिवशी पिशवी आवरून ती अग्निशमन केंद्राच्या इमारतीकडे निघाली. जाताना म्हणाली, “येत जाईन, काका.” दोघांनाही ठाऊक होतं, की पुढे अजून सतरा इमारती आहेत.

ती गेल्यावरच्या बुधवारी एक वाजता पंपमास्तर दोन्ही हात खिशात घालून बसून राहिला. तीन वाजता वरून व्यवस्थापकांचा फोन आला. “मास्तर, बायका म्हणतायत पाणी गार आहे.”

“एकतीस आहे, साहेब. ठरलंय तेवढंच.”

फोन ठेवल्यावर तळघर फारच मोठं वाटायला लागलं. गोल काचेतून पाय दिसत होते, सगळे परके. त्यानं खिशातला मोबाइल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कामाच्या वेळात मुलाला फोन लावला.

“बाबा? काय झालं? बरे आहात ना?”

“बरा आहे रे. तुला एक सांगायचं होतं.” आणि त्यानं सगळं सांगितलं. झडप, दोन अंश, सहा वर्षं.

पलीकडे मुलगा हसला की रडला, कळलं नाही.

“बाबा, आईला ते पाणी फार गरम व्हायचं. घरी आल्यावर मला फोनवर सांगायची, आज पुन्हा उकडून निघाले म्हणून. मी म्हटलं, बाबांना सांग ना. तर म्हणाली, काही बोलू नकोस, माझ्यासाठीच करतायत ते, आणि वरच्यांना कळलं तर बोलणी खातील.”

“तिला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

पंपमास्तरला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याला पंपाचा आधार घ्यावा लागला. “एकतीसच पुरलं असतं म्हण की,” तो कसाबसा म्हणाला.

“पुरलं असतं, बाबा.”

मुलाला कुणीतरी हाक मारली. “ठेवतो, नंतर करतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

महिनाभरात आच्छादन आलं, पंख्याला वेळेचं बटण बसलं, पाइपांना नवं वेष्टण मिळालं. तलावाचा वापर तिसऱ्या हिश्श्यानं खाली आला आणि व्यवस्थापकांचं बैठकीत कौतुक झालं. बॉयलर आता दिवसाचा बराच वेळ बंद असतो. तळघर गार पडलंय. पंपमास्तर स्वेटर घालून बसतो, दर तासाला आकडे वहीत टिपतो, आणि बुधवारी तीन वाजता काचेकडे पाठ करून बसतो.