मुंगीसुद्धा शिरत नाही असा डबा

मी एक जुना, फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा आहे. मित्रांनो, जरा चित्त इकडे द्या. माझ्या पोटात काय घडलं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

तांबटाने मला ठोकून घडवलं आणि कोल्हापूरच्या आक्कांनी मला कीर्तनाला नेलं. चाळीस वर्षं माझ्यात प्रसादाची खडीसाखर राहिली. आरती झाली की आक्का झाकण फिरवत आणि शेजारणीला सांगत, "मुंगीसुद्धा शिरत न्हाय ह्यात." ते ऐकून मला कीर्तनाइतकंच बरं वाटायचं. पुढे प्लॅस्टिकचे डबे आले आणि मी फळीवर गेलो.

गेल्या भाद्रपदात आक्कांचा भाचा विश्वजित मला गगनबावड्याच्या रानात घेऊन गेला. त्याला सोनपाखराचा, त्या चकचकीत भुंगेऱ्याचा, फोटो हवा होता. हिरवंनिळं, उन्हात तांब्यासारखं झळकणारं ते पाखरू पानावर सापडलं, पण एका जागी ठरेना. विश्वजितने थर्मासमधून आणलेला बर्फ माझ्यात घातला, वर पाखरू टाकलं आणि झाकण आवळलं.

सोबतची प्रियदर्शनी म्हणाली, "मरंल की रं ते."

"गारठतंय नुसतं. मग बसवंल तसं बसतंय."

तीनदा गारठवलं, तीनदा पानावर मांडलं. दुमडलेले पाय चिमट्याने ओढून सरळ केले. फोटो झकास आला. आता सोड त्याला, असं प्रियदर्शनीने बजावलं. तो व्हय म्हणाला आणि ती वळताच त्याने पाखरू पुन्हा माझ्यात टाकलं. घरी पांढऱ्या कागदावर ठेवून आणखी एक काढायचा होता. घरी पोचला, मला परत आक्कांच्या फळीवर ठेवलं आणि विसरला.

बर्फाचं पाणी झालं. ऊब लागली तसं पाखरू जागं झालं आणि झाकण खरवडू लागलं. मित्रांनो, मला आतून उघडता येत नाही. ज्या झाकणाचं कौतुक मी जन्मभर मिरवलं, तेच त्याच्या जिवावर बसलं होतं. दोन दिवस ते खरवडत होतं.

फोटोला बक्षीस मिळालं. कीर्तनात बुवांनी तो हातात धरून देवाच्या कारागिरीवर रसाळ निरूपण केलं. आक्कांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी प्रसादासाठी त्यांनी हौसेने मलाच खाली काढलं.

आत काळपट पाणी होतं. त्यात हिरवे पाय सुटे तरंगत होते.

"विश्वा, ह्ये कालच्या फोटोतलंच न्हवं?"

"किडाच की, आक्का. धुऊन टाक."

आक्कांनी मला चिंचेने घासलं. झाकणाच्या आतल्या कल्हईवरच्या बारीक रेघा काही गेल्या नाहीत. त्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि खडीसाखर दुसऱ्या डब्यात भरली.

मित्रांनो, फोटो खुशाल काढा. पाखरू उडालं तर उडू द्या, पुन्हा येईल तोवर वाट बघा. आणि झाकण लावून निघण्याआधी एकदा डब्याला कान लावा.