पारूबाईचा नंबर

आमच्या दूध संस्थेचा मी एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे. एवढ्या काळात बिलासाठी हसणारी आणि फॅटसाठी भांडणारी माणसं मी पोटभर बघितली. एखादी बाई स्वतःच्या नावावर दूध घालायचं म्हणून दारात उभी राहिलेली मात्र यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच बघितली.

ती पारूबाई. कुरुंदवाडच्या अलीकडं आमचं गाव, आणि तिचा नवरा अण्णासो आमचा सभासद नंबर एकशे बारा. शेण तिनं काढायचं, वैरण तिनं आणायची, धार तिनं काढायची, दोन्ही वेळा किटली घेऊन रांगेत तिनंच उभं राहायचं. दर दहा दिवसांनी बिल घ्यायला अण्णासो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. बहुतेक घरांत हीच वाटणी होती.

मग लाडक्या बहिणीचे पैसे सुरू झाले. महिन्याला दीड हजार, थेट पारूबाईच्या खात्यावर. सुरुवातीच्या पैशातनं तिनं चष्मा केला. कित्येक वर्षं ती तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत होती, ही गोष्ट अण्णासोला चष्मा आल्यावर कळली. पुढच्या महिन्यात तो म्हणाला, "थोडं मला दे की."

"कशाला?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्या घरात आजवर तोच विचारायचा. त्याचं उत्तर द्यायचा त्याला सराव नव्हता.

पुढचे पैसे तिनं हलवले नाहीत. वर्ष भरल्यावर माहेरी जाऊन भावाकडनं एक मोठी रेडी आणली. भाऊ फुकट द्यायला निघाला होता, पण हिनं साठलेले पैसे मोजून दिले. ती रेडी यंदा व्याली, आणि पारूबाई दोन किटल्या घेऊन माझ्यासमोर आली.

"ही एकशे बाराला घाला. आन् हिला माझा नवा नंबर द्या."

"वैनी, दूध एकाच घरचं की."

"म्हस माझी हाय. पासबुक बी माझं हाय. मग बिल त्येंच्या नावावर कशाला?"

तिचा प्रश्न घेऊन मी चेअरमन पिराजीरावांकडं गेलो. त्यांनी उत्तराऐवजी नियम काढला. घरच्या कर्त्याची संमती पाहिजे. आमच्या पोटनियमांत असलं काहीही नाही, ते मला पाठ आहेत. तरी मी मुकाट्यानं कागद टाईप केला. त्याची मला लाज वाटते.

अण्णासोनं सही केली नाही. "एका दावणीला दोन नंबर? गाव काय म्हणंल?" गाव तोवर काहीच म्हणत नव्हतं. तसा माणूस वाईट नव्हे. दारू नाही, बायकोवर हात नाही. दहा दिवस दुसऱ्याच्या उसात मजुरी करायची, आणि अकराव्या दिवशी चौकात चारजणांनी "काय अण्णासो, बिल व्हय?" म्हणायचं, एवढाच त्याचा मान. हे मला कळत होतं, म्हणूनच त्याचा जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी पारूबाईनं आपल्या म्हशीची धार काढली, दूध तापवून विरजण लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमची म्हस तुमी पिळा."

त्याची म्हैस आठ वर्षं दावणीला होती, पण तिची अण्णासोशी ओळख नव्हती. पहिली लाथ चरवीला बसली, दुसरी मांडीला. दुपारपर्यंत कास तटतटली, म्हैस रेकायला लागली. पोरगा आर्यन इचलकरंजीला मागावर कामाला. बोलवायचं कुणाला?

यावरचा उपाय आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. बाई माहेरी गेली की पुरुषानं तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसायचं. म्हैस वासाला फसते. अण्णासोनं दोरीवरचं पातळ ओढलं, गुंडाळलं आणि तिसरी लाथ खाल्ली.

"धुतलेलं नगं," पारूबाई चुलीपासनं म्हणाली. "नेसलेलं घ्या."

आठ दिवस हे चाललं. एकशे बाराचं दूध निम्म्यावर आलं आणि फॅटही घसरलं. फॅट शेवटच्या धारांत असतं, आणि तिथवर म्हैस त्याला येऊ देत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी मी मशीन बंद करायला आणि अण्णासो किटली घेऊन पळत यायला एकच गाठ पडली. उशीर झाल्यामुळं पातळ सोडायचं राहून गेलं होतं. पावत्या घेऊन रेंगाळलेली वीसेक माणसं भिंती हादरेपर्यंत हसली.

"त्यो कागद काढा," अण्णासो म्हणाला.

मला वाटलं, फाडणार. त्यानं खांद्यावरनं घसरणारा पदर कमरेला खोचला आणि सही केली.

"अण्णासो, बिलाला बी ह्योच ड्रेस काय?" मागनं कुणीतरी ओरडलं.

तो वळला. "आठ वर्षं म्हस माझ्या नावावर हाय," तो म्हणाला. "पर म्हशीला त्ये ठावंच न्हाय. एकशे बारा बी हिच्याच नावावर करा, सेक्रेटरी. मी निस्ता बिलापुरता हुतो."

मी तिथंच एकशे बाराचाही कागद केला आणि दोन्हींवर शिक्के मारले. पारूबाई संध्याकाळी दोन्ही किटल्या घेऊन आली. दोन्ही पावत्यांवर आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घडी घालून कनवटीला लावल्या. एकशे बाराचं फॅट जागेवर आलं होतं.

आमच्या घरचा नंबर सात. तो माझ्या नावावर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मशीन सुरू करायच्या आधी मी घरी गेलो. बायको धारेला बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून गोठ्यात पाय टाकला, तर म्हशीनं मान वळवून मला असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो.

"कोण पावणं आलंत व्हय?" बायकोनं वर न बघता म्हशीला विचारलं.