लोट्टेचं नवं घर

माझ्या नवऱ्याला, एवाल्डला, हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी एक काचेची पेटी येऊन बसली होती. केवढी? मी पाय जवळ घेऊन झोपले असते तर आरामात मावले असते. चारी बाजूंनी लख्ख काच, वर दिवा, प्लास्टिकची वेल, दगडी पाणवठा, आणि मधोमध लोट्टे. लोट्टे म्हणजे एवाल्डची अजगरीण, आफ्रिकेतल्या छोट्या जातीची. लग्नाआधीच सासू वारल्यामुळे मला सासुरवास असा झालाच नाही. ती कसर लोट्टेने भरून काढली.

इतकी वर्षं ती तळघरात राहायची. एवाल्डने स्वयंपाकघरातलं जुनं कपाट आडवं करून, पुढे काच बसवून तिला घर करून दिलं होतं. पण हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला तळघराचा जिना बंद केला. मग रायमुंडने सूत्रं हाती घेतली. रायमुंड सापवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. आमच्या हेर्ने गावात कबुतरवाल्यांचं मंडळ आहे, बागवाल्यांचं आहे, तसंच हे साप पाळणाऱ्यांचं. दर शुक्रवारी बिअर पीत सापांवरून भांडतात.

"ट्राउडे, आधी साप मोजायचा," तो मला म्हणाला होता. "त्याच्या लांबीवरून पेटीची लांबी, रुंदी, उंची. नियम आहे तसा. तुमच्या त्या कपाटात लोट्टेने जन्म कोंडून काढलाय."

त्याने लोट्टेच्या पाठीवरून दोरी लावून माप घेतलं. प्रत्येक वेळी ते वेगळं यायचं, कारण बाई स्थिर राहीनात. शेवटी सगळ्यात मोठं माप धरून आम्ही दुकानात गेलो. तिथे तीन बाजूंनी लाकूड आणि पुढे काच अशा पेट्याही होत्या. मी नाक मुरडलं. "ही काय शवपेटी आहे?" म्हटलं. सगळ्यात उजेडाची, सगळीकडून दिसणारी पेटी मीच निवडली आणि खिडकीजवळ ठेवून घेतली. तिला ऊन मिळेल, बाग दिसेल. मला स्वतःला राहायला आवडली असती, म्हणून निवडली.

पेटीचं उद्‌घाटन झालं. मी बटाट्याचं सॅलड केलं, मंडळी काचेला नाकं लावून उभी राहिली, आणि लोट्टे वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहिली.

तेव्हापासून तिने अन्नाला तोंड लावलं नाही. एवाल्ड फ्रीझरमधला मेलेला उंदीर (माझ्या मटारांशेजारीच असतो तो, आता मी बोलायचं सोडलंय) कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने तिच्यापुढे हलवायचा. ती मान वळवायची. संध्याकाळी रायमुंड आणि मंडळातला ओट्टो, दोघंही एवाल्डचे कोळशाच्या खाणीतले जुने सोबती, खुर्च्या ओढून पेटीसमोर बसायचे. ओट्टोच्या मते दिवा कमी पडत होता, रायमुंडच्या मते जास्त. एकमत एकाच गोष्टीवर होतं: आज ती जेवेल, थांबून बघू या.

मला लोट्टेचं फारसं पडलं नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता तो एवाल्डमुळे. तोही जेवत नव्हता. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं. असाच खंगत राहिला तर परत भरती करून घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी रोज सॉसेज घालून बटाट्याचं सूप करायची आणि समोर बसायची.

"दोन चमचे तरी घे."

"घेतो."

"कधी? बर्फ झाल्यावर?"

"तू बायको आहेस का फौजदार?"

मी मनाशी पक्कं धरलं होतं, लोट्टे जेवली की हा जेवेल. काळजीने खंगतोय, दुसरं काय!

एके दिवशी बटाटे आणायला तळघरात गेले. ते जुनं कपाट तिथेच पडलं होतं. कधी हात लावला नव्हता मी त्याला. का कोण जाणे, त्या दिवशी आत हात घातला. मागच्या कोपऱ्यात, जिथे तीन फळ्या मिळतात, तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं, जुन्या पोळपाटासारखं. सगळं कपाट मोकळं असताना ही बया वर्षानुवर्षं त्याच अंधाऱ्या सांदीत अंग चोरून बसायची. आणि मी तिला बाग दाखवायला निघाले होते!

वर आले. स्वयंपाकघरातल्या आताच्या कपाटाचा चमच्यांचा खण काढला, चमचे टेबलावर ओतले, खणाला एका बाजूने करवतीने भोक पाडलं. संध्याकाळी रायमुंड आणि ओट्टो आले तेव्हा आधी त्यांच्याकडून पेटी खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला लावून घेतली. मग तीन काचांवर भिंतींना लावून उरलेला कागद चिकटवला. एवाल्डने लोट्टेला उचललं, मी खण पालथा ठेवला. ती भोकातून आत सरकली, शेपटीच्या टोकासकट. मग मी म्हटलं, "आता तुम्ही दोघं घरी जा. मी सांगेपर्यंत येऊ नका."

रायमुंड लालबुंद झाला. "खांद्यावर वाहून आणली आम्ही ही पेटी!"

"म्हणूनच पेटी ठेवतेय. बघणारे नकोत."

"एवाल्ड, तू काही बोलणार आहेस की नाही?"

एवाल्डने पेटीची काच ओढून लावली. रायमुंड टोपी विसरून निघून गेला, ओट्टो त्याच्यामागे. एवाल्डबरोबर खाणीत उतरणारे बाकीचे सगळे गेले. उरलेत ते एवढेच दोघं, आणि त्यांना मी हाकललं.

एवाल्डलाही त्या खोलीत जायला बंदी केली. उंदीर मीच गरम केला, मीच भोकापुढे ठेवला, डोळे मिटून. सकाळी तो तसाच असायचा. मी तो फेकायची, आणि काही दिवस जाऊ देऊन पुन्हा दुसरा ठेवायची. मग एका सकाळी दार उघडलं, तर उंदीर नव्हता. सगळीकडे शोधला. खण जरासा उचलून पाहिला. लोट्टे आत चारी बाजूंना टेकून बसली होती आणि तिच्या अंगात मध्यावर छान फुगवटा होता. देवाशप्पथ सांगते, मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

"एवाल्ड! जेवली! शेपटीसकट!"

ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो मोठ्याने हसला. मी दुपारी सूपचं पातेलंच टेबलावर आणून ठेवलं, त्याचा बाऊल भरला आणि नेहमीसारखी समोर बसले. "चल, आता तुझी पाळी."

त्याने चमचा उचलला. माझ्याकडे पाहिलं. खाली ठेवला.

"आता काय झालं रे?"

"खाणीत डबा उघडला की आम्ही डोक्यावरचा दिवा दुसरीकडे वळवायचो," तो म्हणाला. "कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही."

"बरं मग?"

"मग काही नाही. तू रोज समोर बसतेस. मी चमचा उचलला की तुझं तोंड उघडतं. इतकी घाबरलेली दिसतेस गं, म्हातारे, की मला गिळवत नाही."

मी घाबरलेच होते. तो ऑपरेशनच्या टेबलावर पडून होता तेव्हापासून घाबरलेली होते आणि ते सगळं त्याच्या ताटात वाढत होते. मी उठले, टेबलावरचा दिवा बंद केला, बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

बोळात कोट टांगलेले असतात, तिथे उभी राहिले. दाराला कान लावला. मग चमचा बाऊलला लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. मी त्याच्या कोटात तोंड खुपसून रडले.

"ट्राउडे!" आतून हाक आली. "अजून आहे का?"

"पातेलं तुझ्यासमोरच आहे," मी बाहेरूनच ओरडले. "घे आपल्या हाताने वाढून!"