परत येण्याची खूण

मावशीने ब्राउझरमधल्या मागे जाण्याच्या बाणावर बोट टेकवलं आणि सगळं गायब झालं.

"घ्या! एक पाऊल मागे जाते म्हटलं, तर याने मला थेट घराबाहेर काढलं. बारके, हेच शिकलीस का एवढी वर्षं?"

बारकी म्हणजे तिची सगळ्यात धाकटी भाची. भौतिकशास्त्र शिकून वेबसाइटी बनवण्याच्या नादी लागलेली. मावशी ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांची भाषा शिकवायची. त्या खुणांचे व्हिडिओ बारकीने एका पानावर बसवले होते. खूण निवडली की पानातला जावास्क्रिप्टचा कोड तिथल्या तिथे व्हिडिओ बदलायचा. काम झटपट, पण पानाचा वरचा पत्ता तोच राहायचा. त्यामुळे ब्राउझरच्या लेखी मावशी पहिल्या जागेवरून हललीच नव्हती. मागे जा म्हटलं की तो बिचारा तिला आधीच्या साइटवर नेऊन सोडायचा.

"आणि मला एकच खूण पाठवायचीय त्या ट्रकवाल्यांना. त्यांच्या फोनमध्ये व्हिडिओ साठवायला तसूभर जागा नाही म्हणे."

ट्रकवाले म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलीचे बाबा. आज वर्ग सुटला की ते लांबच्या फेरीवर निघणार होते. दर वेळी ते निघाले की पोर त्यांच्या पायाला मिठी मारून आकांत करायची, कारण बाबा परत येणार हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितलंच नव्हतं. आज ते स्वतः सांगणार होते. पण बाहेर बाकावर बसून त्यांनी किती हात वळवले, तरी खूण जमत नव्हती.

"प्रत्येक खुणेला स्वतःचा पत्ता हवा," बारकी म्हणाली. "त्याला राउटर लागतो."

"तो वायफायचा आहे की कोपऱ्यात, दिवे लुकलुकवत."

"तो नाही गं! हा प्रोग्रॅमच्या आतला."

ऑफिसात ती वापरायची त्या कोडच्या अवजड संचातला राउटर बाबांच्या जुन्या फोनवर उघडेपर्यंत ट्रक शंभर मैल गेला असता. तिने एक चिमुकला राउटर शोधला. वापरण्याआधी आतला कोड वाचायची तिला खोड होती. हा तिने चहा निवायच्या आत वाचून संपवला, आणि मग कौतुकाने पुन्हा वाचला. दुव्यावर बोट पडलं की तो ब्राउझरला म्हणे, थांब, नवं पान मागायला सर्व्हरकडे धावू नकोस. मग वरचा पत्ता बदले आणि त्या पत्त्याला नेमून दिलेलं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, बोलावी. कोणी मागे गेलं की पत्ता वाचून पुन्हा तेच. पान कसं दिसावं, माहिती कुठून आणावी, यात त्याचं नाक खुपसणं नाही. कुणा अनोळखी माणसाने इतकं कमी लिहायला केवढा विचार केला असेल, असं तिला वाटून गेलं.

"म्हणजे दाराशी बसलेला शिपाई," मावशी म्हणाली. "आलेल्याला आतल्या आत बरोबर खोलीत नेणारा."

"अगदी तस्सा!"

सगळं जोडून झालं. मावशीने मागे-पुढे करून पाहिलं. या वेळी ती घरातच राहिली. मग तिने ऐटीत बाबांना दुवा पाठवला.

बाबा दारात आले. "ताई, हे म्हणतंय, पान सापडलं नाही."

बारकीने त्यांच्या फोनवरचा पत्ता पाहिला. आपण प्रत्येक वेळी मुख्य पानावरून आत गेलो, हे तिच्या ध्यानात आलं. बाबा थेट बाहेरून आले होते. शिपाई जागेवर बसायच्या आधीच ब्राउझरने सर्व्हरकडे 'परत-येईन' नावाचं पान मागितलं होतं, आणि तसलं पान तिथे नव्हतंच. सर्व्हर फुकटातला, त्याला काही शिकवायची सोय नाही.

"निघायला हवं," बाबा म्हणाले. लेक त्यांचा शर्ट मुठीत धरून उभी होती.

"दोन मिनिटं, काका."

पत्त्यात हॅशचं (#) चिन्ह आलं की त्याच्या पुढचं ब्राउझर सर्व्हरला सांगतच नाही, स्वतःपाशी ठेवतो. म्हणजे सर्व्हर मुख्य पानच देणार, आणि पुढचं शिपाई बघून घेणार. राउटर लिहिणाऱ्याने तीही सोय ठेवली होती. बारकीने सेटिंगमध्ये एक शब्द घातला, नवा दुवा पाठवला.

व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावरची मावशी दाखवत होती: मी, जाऊन, परत येईन. बाबांनी दोनदा पाहिलं, फोन बाकावर उभा केला आणि गुडघ्यांवर बसून लेकीसमोर हात वळवले. लेकीने भुवया आक्रसल्या. मग पुढे होऊन तिने त्यांचं मनगट धरलं आणि, मावशी धरायची तसंच, सरळ केलं. त्यांनी पुन्हा करून दाखवलं. शर्टावरची तिची मूठ सुटली. तिने एक खूण केली.

"काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं.

"कधी, म्हणून विचारतेय," मावशी म्हणाली. उत्तर देण्यासाठी तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते पदराखाली धरून ठेवले.

बाबांनी व्हिडिओखालचं 'सगळ्या खुणा' दाबलं, यादीतून 'रात्र' शोधली, पाहिली. खात्री करायला मागचा बाण दाबला. यादीच आली. पुन्हा 'रात्र'. वरच्या पत्त्यात हॅशपुढचा तेवढाच शब्द बदलत होता, आणि बारकी ते बघत राहिली.

बाबांनी तीन बोटं दाखवली आणि रात्रीची खूण केली, जराशी वाकडीच. लेकीने या वेळी मनगट धरलं नाही. मान डोलावली, आणि त्यांची पिशवी स्वतः उचलून दारापर्यंत नेली.