सरदारच्या छातीतला गोळा

हबीबभाईने बोकडाच्या पुढच्या दोन पायांमध्ये हात घालून छाती चाचपली, मग जबडा उघडून दात पाहिले. सरदार आपला ऐटीत मान वर करून उभा. लालीबाईने त्याच्या तोंडाशी भाकरीचा तुकडा धरला आणि ती सुरीकडे पाठ करून बसली.

आता या सरदारची गोष्ट अशी. लालीबाईची नात उज्ज्वला दहावीत असताना तापाने फणफणली होती, त्याच दिवसांत गोठ्यात हे करडू जन्मलं. नात उठून बसली तर हेच करडू तुला देईन, असं लालीबाई मरीमायेला बोलून बसली. नात उठली, परत शाळेतही गेली, नवस मात्र तसाच राहिला. एका साली कापसाला भाव नव्हता, एका साली बोंडअळीने सगळं खाल्लं, एका साली पाऊसच रुसला. सगळ्या तांड्याला जेवू घालायचं म्हणजे काय गंमत आहे! "औंदा नको," असं दरवेळी लालीबाईच म्हणायची, आणि सरदार तुरीचं कुटार खाऊन गरगरीत होत गेला.

यंदा दिग्रसला कापूस बरा विकला गेला. उज्ज्वलाही यवतमाळहून नर्सिंगची परीक्षा पास होऊन आली. तिचा बाप इंद्रजीत, त्याने आईला न विचारताच हबीबभाई खाटकाला सांगावा धाडला. देवीला किती ताटकळत ठेवायचं, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण या घरची एक रीत होती. बोकडाच्या छातीच्या हाडामागे मऊ पांढरा गोळा असतो. तो आधी अग्नीत देवीला, मग बाकीचं माणसांच्या ताटात. त्या गोळ्याशिवाय भोग लागत नाही, हे सासूने लालीबाईला नवी नवरी असतानाच बजावलं होतं.

"माय, याच्यात गोळा आता कुठचा?" हबीबभाई हात झटकत उठला. "कोवळ्या करडात असते तो. याच्यात निरी चरबी निघन."

इंद्रजीत वैतागला. असं कुठं असतं का, म्हणाला. लालीबाईने नातीकडे पाहिलं.

"तुह्या पुस्तकात हाय का वं हे? सांग तुह्या बापाले."

उज्ज्वलाला हसू आलं. त्या गोळ्याला थायमस म्हणतात, ती सांगू लागली, तो माणसालाही असतो. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात, तालमीत पोरं तयार व्हावीत तशा. लहानपणी तो चांगला मोठा असतो, वय वाढलं की आक्रसत जातो आणि त्याच्या जागी चरबीच्या पेशी साचत जातात. बोकडाचंही तसंच.

"म्हंजे माह्याही छातीत चरबीच?"

"बरीचशी, दादी. थोडासा गोळा राह्यते कुठंकुठं."

लालीबाईने छातीवर हात ठेवून पाहिला आणि ती खुदकन हसली.

तांड्याचे नायक भावसिंग, त्यांना बोलावणं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसरं करडू आणतो, असं इंद्रजीत म्हणाला, तर त्यांनी मान हलवली. नवस याच जिवाचा बोललेला, तिथे दुसरं कसं चालेल? मग त्यांनी सरदारच्या पाठीवर थाप मारली.

"देवीच्या वाट्याचं होतं तेच याच्यात राह्यलं नाही, तं कापून निरं आपलंच पोट भरन. देवीच्या नावानं सोडून द्या याले. भोग लापशीचा लावा."

नायकाचा शब्द तो शेवटचा. चूल पेटली, गूळ फुटला, कोणीतरी नंगाराही आणला. सरदारच्या गळ्यात उज्ज्वलाने झेंडूची माळ घातली आणि त्याने ती लगेच खाऊन टाकली. अख्खा तांडा हसला. इंद्रजीतलाही हसू आवरेना.

पंगतीत हबीबभाई शेवटी बसला. लालीबाई वाढायला आली तसा तो हळूच म्हणाला, "माय, मागच्या साली बाजारात तू मले इचारलं होतं, बोकडाचा गोळा कवा जिरते म्हनून."

लालीबाईने त्याच्या लापशीवर तुपाची लांब धार सोडली. आजवर एवढं तूप तिने पाहुण्या जावयालाही वाढलं नव्हतं.

"जेव ना गुमान, हबीबभाई. लापशी थंडी होऊन राह्यली."