उत्तर मशीन थांबल्यावर

"उत्तर आत्ताच सांगून टाका, सिस्टर," लिफ्टवाले काका म्हणाले.

पट्टी चिकटवता चिकटवता सिस्टरचा हात थबकला. दुसरी सुई नुकतीच लागली होती आणि नळीतून रक्त डायलिसिसच्या मशीनकडे निघालं होतं. या खाटेवरून असली मागणी तिने कधी ऐकली नव्हती.

"आधी तुमचा अंदाज सांगा."

"अंदाज नाही. जिराफाच्या मानेत मणके किती, एवढंच ना? सांगा की."

"मशीन थांबल्यावर. नियम तुम्हाला मी नव्याने सांगायचा का?"

"मग राहू दे," म्हणून ते छताकडे बघत पडून राहिले.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे सगळ्या वॉर्डाचे मार्क त्यांच्या डोक्यात असायचे. "काय हो, रोज छाती ठोकून चुकता, आज तोंडाला कुलूप?"

"आज सुट्टी घेतलीय, बाई."

"नापास होणाऱ्यानेच सुट्टी घेतली तर आम्ही पास कुणाच्या जिवावर व्हायचं?"

एरवी यावर काका निदान दोन वाक्यं तरी ऐकवायचे. आज ते नुसते हसले. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली, पण जीव मागेच घुटमळत राहिला.

हे प्रश्न ज्यातून यायचे, ते टेबलावरचं कॅलेंडर तळहाताएवढं होतं. रोज एक पान. पुढे तारीख आणि एक प्रश्न, मागे उत्तर. फार वर्षांपूर्वी औषध कंपनीचा एक माणूस ते टेबलावर ठेवून गेला होता. पुढच्या वर्षी तो काही फिरकला नाही, तेव्हा सिस्टर स्वतःच दुकानात जाऊन विकत घेऊन आली, आणि मग दरवर्षी आणत राहिली. सुरुवातीला ती प्रश्न वाचायची आणि लगेच पान उलटून उत्तर. तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी असायचे. ते एकदा रागावून म्हणाले, "संपवलंत पण? आता चार तास मी काय चघळू?" डायलिसिसचे चार तास म्हणजे हात हलवायचा नाही, कूस बदलायची नाही. शिंप्यांचं म्हणणं तिला पटलं. त्या दिवसापासून नियम झाला. प्रश्न मशीन लावताना. उत्तर मशीन थांबल्यावर, सुई काढून जागा दाबून धरलेली असताना, ज्याचं त्याला कानात. ज्याला उत्तर मिळालं त्याने इतरांसमोर अवाक्षर काढायचं नाही.

शिंपी गेले. त्यांच्यानंतर त्या खाटेवर किती जण आले आणि गेले, सिस्टरला एकेकाचा चेहरा आठवायचा. कोण उत्तर ऐकून मान डोलवायचं, कोण "कॅलेंडरच चुकलंय" म्हणून भांडायचं. उत्तर ऐकून बाहेर पडणारा माणूस बाकीच्यांच्या खाटांमधून असा चालायचा की जणू राज्य जिंकून चाललाय. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना वाटे, मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांना सोपे प्रश्न येतात. त्यांना नेमकं उलटं वाटे. रविवारचं पान कुणाचंच नव्हतं. ते सिस्टर घरी न्यायची आणि दुपारी चहापर्यंत मागची बाजू बघायची नाही. विचारायला घरात कुणी नव्हतं, तरी नाही.

रक्तदाब बघायला ती परत काकांकडे आली. त्यांनी आवाज खाली आणला.

"बुधवारपासून मी येत नाही. डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, निर्णय तुमचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद करतोय. हृदय दमलंय, सिस्टर. इथून गेलो की दुसरा दिवस भिंतीकडे तोंड करून जातो, तिसऱ्या दिवशी परत इथे. माझ्या वाट्याला दिवस राहतो कुठला?"

"काकूंना सांगितलंत?"

"नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडच्या बाकावर काकू स्वेटर विणत बसल्या होत्या. "आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खड्ड्यात उतरलो. खाली काय आहे याची भीती कधी वाटली नाही. पण हे तिच्यासमोर बोलायची वाटते."

सिस्टरने पट्टा सोडला, आकडे लिहिले आणि पुढे गेली. तिला सगळं कळत होतं. असं ठरवलेली माणसं तिने आधीही पाहिली होती आणि त्यांच्या नातेवाइकांना समजावलंही होतं. पण त्या दिवशी तिचं मन थाऱ्यावर येईना. उगाच चादरींच्या घड्या मोड, परत घाल. बाईंच्या मशीनचा गजर तिला दुसऱ्यांदा वाजल्यावर ऐकू आला.

काकांचं मशीन थांबलं. तिने सुई काढली, कापसाचा बोळा दाबला आणि वाकली. काकांनी सवयीने कान पुढे केला.

"उत्तर बुधवारी," ती म्हणाली.

"ही लबाडी आहे."

"असू दे."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग चपला घालून, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही, आणि मंगळवारच्या लोकांना प्रश्न विचारताना तिने चुकून उत्तरच वाचलं. लोक हसले. तिला हसू आलं नाही.

बुधवारी काका आले.

"किती मणके?" खाटेवर बसता बसता त्यांनी विचारलं.

"सात. तुमच्या-माझ्या मानेत असतात तेवढेच."

"एवढ्या उंच मानेत सात?" त्यांनी स्वतःची मान चाचपून पाहिली. "मी मनात तीस धरले होते."

"चुकलात," बाई पलीकडून समाधानाने म्हणाल्या.

त्या दिवशी ऑक्टोपसला हृदयं किती, असा प्रश्न होता. काका म्हणाले, एकच, पण मोठं. सुई काढल्यावर सिस्टरने पुन्हा तोंड मिटून घेतलं आणि शुक्रवारी सांगितलं, तीन. "एक बिघडलं तर दोन आहेत म्हणायचं," काका म्हणाले, "आमच्याकडे असा जोड असता तर." शुक्रवारचं उत्तर त्यांना सोमवारी मिळालं, सोमवारचं बुधवारी. असं दोन आठवडे चाललं. काकू एकदा दारात तिचा हात धरून म्हणाल्या, "काय जादू केलीत हो? मध्ये फार उदास होते. आता घरीसुद्धा म्हणतात, जायला पाहिजे, उत्तर राहिलंय." सिस्टरला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. तरी आतून बरं वाटलं, हेही खरं.

बाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. सुई काढून घेता घेता त्या हळूच म्हणाल्या, "मला कानात सांगता, त्यांना नाही. शाळेत मीही एका मुलाचं प्रगतिपुस्तक अडवून ठेवलं होतं, वडील भेटायला यावेत म्हणून."

"आले का?"

"आले. पण त्यानंतर तो मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला."

पुढच्या शुक्रवारी काका आले तेव्हा सिस्टर दारातच उभी होती. हल्ली ती त्यांची वाट अशीच बघायची, औषधांचा ट्रे हातात घेऊन, काही तरी काम असल्यासारखी. कॉरिडॉर सरळ होता. काका त्यात भिंतीला टेकून थांबले. चालले, परत थांबले. काकूंनी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं.

"रात्रभर उलट्या झाल्या," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, आज नको जाऊ या. ऐकतात का? म्हणे सिस्टर वाट बघत असेल."

काका मान खाली घालून श्वास गोळा करत होते. त्यांच्या पायांवर सूज होती, चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. सिस्टर रोज ते पाय बघत होती आणि आज तिला ते दिसले. सिस्टर वाट बघत असेल. म्हणजे ते प्रश्नासाठी येतच नव्हते. ती ज्यांना धरून ठेवत होती, ते तिला सांभाळत होते.

त्या रविवारी चहा झाला तरी तिने पान उलटलं नाही. या खोलीतून त्या खोलीत जात राहिली, खिडकी उघडली, लावली. संध्याकाळी ते पान तसंच टेबलावर टाकून ती चपला घालून बाहेर पडली आणि कुठेही न जाता परत आली.

सोमवारी काका खाटेवर बसल्याबरोबर, सुईला हात लावण्याआधी, तिने त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

"शुक्रवारचं उत्तर बांबू. जगातलं सगळ्यात उंच गवत. आता तुमचं काही राहिलेलं नाही."

काका म्हणाले, "आणि आजचं?"

"आजचंही सांगते. अंतराळात गेलं की माणसाची उंची वाढते की घटते?"

"थांबा, हे माझ्या खात्यातलं आहे." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात धार आली. "घटते. वर जाताना माणूस दबतो. लिफ्ट सुटताना पोटात येत नाही का गोळा?"

"वाढते. वजन नसतं, म्हणून पाठीचा कणा मोकळा होतो."

"कॅलेंडर छापणाऱ्याला लिफ्टमधलं काही कळत नाही," काका म्हणाले. बाई पलीकडे हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. तिथे काय चाललंय ते त्यांना समजलं होतं.

"बायकोला काल सांगितलं," काका हळूच म्हणाले. "रडली नाही. म्हणाली, तुम्ही कपाटातली हत्यारं पुसून पुतण्याला दिलीत तेव्हाच कळलं होतं मला. इतके दिवस मी तिच्यापासून लपवत होतो, आणि ती माझ्यापासून."

सिस्टरने मान हलवली.

"आज शेवटचं, अंगात साचलेलं थोडं पाणी तेवढं काढा. मुलगी येतेय उद्या. तिच्याशी बसून बोलता आलं पाहिजे. पुरे वाटलं की मी सांगेन."

तिने मशीन लावलं. बाकीच्या खाटा अजून चालू असताना काकांनी हात वर केला. तिने मशीन थांबवलं, सुया काढल्या आणि बोळा दाबून धरला. या वेळी कानात सांगण्यासारखं काही नव्हतं. दाराच्या काचेपलीकडे काकू विणकाम पिशवीत भरून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या.

डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली त्यांच्या हातातली शीर बोटांखाली बारीक घुमत होती, झोपलेल्या मांजराचं अंग घुमतं तशी. रक्त थांबलं होतं. पट्टी तिच्या शेजारी कापून ठेवलेली होती. सिस्टरने अंगठा उचलला नाही, आणि काकांनीही हात ओढून घेतला नाही.